स्क्रीनमागचा पळस

आमच्याकडे लग्नकार्यात कुणी नवा पाहुणा भेटला आणि "आपण काय करता?" असं त्यानं मला विचारलं, की उत्तर माझी बायको देते. मी सांगायला लागलो की जेवण गार होतं, हा तिचा जुना अनुभव. ती म्हणते, "कॉम्प्युटर चालू केल्यावर मागं चित्र दिसतं ना, ते हे निवडतात." पाहुणा मान हलवतो, घास गिळतो, आणि मग तो ठरलेला प्रश्न येतोच. "बरं. आणि बाकी दिवसभर?"

बाकी दिवसभरही तेच. सतरा वर्षं तेच केलं आणि गेल्या वर्षी त्यातूनच निवृत्त झालो. लोकांना हसू येतं, येऊ द्या. मला या कामाचा अभिमान होता. तो ज्या दिवशी नडला, त्याबद्दलच खरं तर मला लिहायचंय. पण आधी काम काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

मी चऱ्होलीचा, घर शेतकऱ्याचं. कमर्शियल आर्ट शिकायला निघालो तेव्हा मामा म्हणाले होते, "चित्रं काढून प्वाट भरतंय व्हय रं?" भरलं. पहिली बारा वर्षं भोसरीत एका छपाईच्या वर्कशॉपमध्ये मशीनची पॅनेलं छापली. म्हणजे बटणांखालची अक्षरं, बाण, दिव्यांभोवतीची वर्तुळं. चालू हिरवं, जपून पिवळं, थांबा लाल. बारा वर्षांत लाल रंग मी दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी वापरला नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी विसरलो. ते वर्कशॉप पुढे बंद पडलं आणि मी चिंचवडला मॅडमच्या कंपनीत लागलो.

मॅडमचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. कंपनी म्हणजे तेव्हा दोन खोल्या आणि सहा माणसं. जगात फुकट मिळणारी, ज्याला हवी त्यानं बदलून घ्यावी अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी जी उठते आणि मग बाकीच्यांना उठवते ती. मॅडमनी ती घेतली, तिच्यातले खेळ, जाहिराती आणि नको ती लुडबूड काढून टाकली, आणि कारखान्यांसाठी आपली वेगळी तयार केली. धुळीत चालेल, उकाड्यात चालेल, जुन्या कॉम्प्युटरवर चालेल. नाव ठेवलं 'ऐरण'.

त्या ऐरणीचं तोंड रंगवायचं काम माझं. बोधचिन्ह, चालू होताना दिसणारं चित्र, पासवर्डचं पान, आणि वॉलपेपर, म्हणजे मागचं मोठं चित्र. खोक्यावरचं स्टिकर माझं, आणि भाषा बरी म्हणून बाहेर जाणारी पत्रंही माझीच. ऐरणीचं चित्र काढून ऑफिसात दाखवलं तर एक इंजिनिअर म्हणाला शिलाई मशीन, दुसरा म्हणाला इस्त्री. पुढे एका प्रदर्शनात कुरुळीचे एक काका आमच्या स्टॉलवर आले. त्यांचा फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवायचा, छोटा कारखाना. त्यांनी लांबूनच ओळखलं. जवळ येऊन म्हणाले, "ऐरण हाय ही. पण नाक उलट्या अंगाला काढलंय तुमी. अशी ऐरण आसल तर लव्हार डावरा पायजे." दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं नाक, म्हणजे ऐरणीचं ते निमुळतं टोक, फिरवलं.

वॉलपेपरचं असं आहे की सिस्टिमबरोबर जे चित्र येतं, तेच बहुतेक लोक वर्षानुवर्षं ठेवतात. बदलता येतं हे माहीत असून कुणी बदलत नाही. म्हणजे तुम्ही निवडलेलं चित्र हजारो माणसं रोज बघणार, न मागता बघणार. तेव्हा ते सुंदर असण्यापेक्षा गरीब स्वभावाचं असलेलं बरं. डावी बाजू शांत हवी, कारण तिथे फाइली बसतात आणि त्यांची नावं पांढऱ्या अक्षरांत उमटतात. पांढऱ्या ढगावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. माणसाचा चेहरा नको, कारण चेहऱ्यावर काही ना काही येऊन बसतंच. सण नको, झेंडा नको, पुढारी तर नकोच नको. आणि एक नियम मी स्वतःच्या अक्षरात लिहून टेबलासमोर भिंतीवर चिकटवला होता: स्वतः काढलेला फोटो स्वतः निवडायचा नाही. आपल्या पोराचा पेपर आपणच तपासू नये, तसंच ते.

गिऱ्हाइकं मात्र नियम ऐकायला येत नाहीत. तळवड्याच्या एका कारखानदारांना सगळ्या कॉम्प्युटरवर स्वतःचा फोटो हवा होता. परोपरीनं सांगितलं, ऐकेनात. लावला. मग साहेब कौतुकानं कारखान्यात फेरी मारायला निघाले. आता कारखान्यातल्या स्क्रीन एका मापाच्या थोड्याच असतात. काही जुन्या चौकोनी, काही नव्या रुंद, आणि फोटो प्रत्येकीवर ताणून बसतो. तिसऱ्या मशीनपाशी साहेब थांबले. "मी इतका जाड आहे?" मी म्हणालो, "नाही साहेब, स्क्रीन रुंद आहे." पुढच्या जुन्या स्क्रीनवर ते चांगले सडपातळ दिसत होते. तिथे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "असा पाहिजे बघा सगळीकडे." ते का जमणार नाही हे समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला.

आळंदीच्या एका वारकरी शिक्षणसंस्थेत मुलांसाठी कॉम्प्युटरची खोली केली होती. तिथल्या महाराजांना विठ्ठलाचा फोटो हवा होता. त्यांना नाही कसं म्हणणार? लावून दाखवला. आमच्या सिस्टिममध्ये कचऱ्याच्या डब्याचं चित्र खाली मधोमध असायचं. ते नेमकं विठ्ठलाच्या पायांवर आलं. मी डबा उजवीकडे नेला, तर रखुमाईच्या अंगावर गेला. वर नेला तर मुकुटावर. महाराज शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. रिकामंच ठिवा. रिकाम्यात काय त्यो न्हाई व्हय?" इतकं समजूतदार गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

एकदा मी इंद्रायणीचा सकाळचा फोटो घेतला होता. नदीवर पांढराशुभ्र फेस पसरलेला, त्यावर कोवळं ऊन. बाहेरच्या राज्यातल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हा बर्फ कुठला? मनालीचा का?" मी म्हणालो, "आमच्या नदीचा." तो म्हणाला, "तुमच्याकडे बर्फ पडतो?" कारखान्यांच्या सांडपाण्याचा फेस आहे असं कारखान्यांनाच वस्तू विकणाऱ्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगावं? पुढच्या आवृत्तीतून तो फोटो काढून टाकला.

आता पळसाकडे येतो.

चऱ्होलीत आमच्या रानाच्या बांधावर एक पळस होता. होता म्हणतो, कारण आता तिथे एका सोसायटीचं पार्किंग आहे. रान आम्ही अडचणीत विकलं असं नाही. सगळ्यांनी विकलं, चांगला भाव आला, आम्हीही विकलं. झाड पाडण्याआधीच्या फाल्गुनात मी मुद्दाम जाऊन त्याचा फोटो काढला. झाडावर पान म्हणून नव्हतं, नुसती फुलं. अख्खी चौकट फुलांनी भरलेली. डावी बाजू शांत, उजवी बाजू शांत, फांदी कुठे आडवी येत नाही. जसा काही वॉलपेपर होण्यासाठीच फुलला होता, असं मला वाटलं. माणसाला जे वाटायला हवं असतं तेच वाटतं.

ऐरणीची नवी आवृत्ती निघायची होती. वीसेक फोटो निवडीला ठेवले होते. सगळ्यात शेवटी मी पळस ठेवला, कुणाचा फोटो ते न सांगता. सगळ्यांनी एकमुखानं तोच उचलला. मॅडम तेवढ्या जरा थबकल्या. "विलासराव, लाल जास्त नाही ना होत?"

"लाल कुठाय मॅडम? केशरी आहे," मी म्हणालो. आणि माझ्या स्क्रीनवर तो खरोखरच केशरी होता. ऑफिसातली सगळ्यात महागडी स्क्रीन माझ्याकडे होती, रंग बघायचंच काम म्हणून. भिंतीवरचा नियमाचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणजे मनाला टोचत होतं, नाही असं नाही. पण गेलेलं झाड आता हजार कारखान्यांत फुलणार या कल्पनेनं मी अगदी हवेत होतो.

चाकणच्या पुढे गाड्यांचे गिअर बनवणारा एक कारखाना आमची सिस्टिम वापरायचा. तिथे गिअर भट्टीतून तापवून काढायची एक लाइन होती. भट्टीच्या एका तोंडातून जॉब, म्हणजे कच्चे गिअर, आत ठेवायचे. मागून एक दांडा त्यांना सावकाश पुढे ढकलत राहतो आणि दुसऱ्या तोंडातून ते तापून बाहेर येतात. लाइन जुनी, कॉम्प्युटर नवा. सगळं ठीक असलं की कॉम्प्युटरची पूर्ण स्क्रीन हिरवी. काही बिघडलं की पूर्ण लाल, त्यावर काय बिघडलं ते एका ओळीत, आणि हूटर, म्हणजे भोंगा. कॉम्प्युटर फक्त सांगायचा. थांबवायचं काम माणसाचं, त्यासाठी भट्टीजवळ हाताच्या पंजाएवढं बटण. कारण जॉब बाहेरच्या तोंडाशी अडकला तरी तो दांडा ढकलतच राहतो आणि लालबुंद लोखंड बाहेर सांडतं, आणि तिथे माणूस उभा असतो. म्हणून तिथला नियम एकच होता: लाल दिसलं की आधी बटण दाबायचं, मग काय झालं ते विचारायचं.

म्हणजे माझा वॉलपेपर तिथे कुणाला दिसतच नव्हता. पुढच्या हिरव्या-लाल प्रोग्रॅमनं तो कायम झाकलेला. तो प्रोग्रॅम कधी मधेच बंद पडला तर परत उघडेपर्यंत, पाणी प्यायला लागतो तितका वेळ, मागचं चित्र उघडं पडायचं. कारखान्यात वॉलपेपर फक्त बिघाडातच दिसतो. हे मला चांगलं माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार मात्र केला नव्हता.

त्या लाइनवर दत्ता नावाचा ऑपरेटर होता. लातूरकडचा, कुरुळीत चौघांत एक खोली करून राहणारा. तीन वर्षं टेम्पररी. त्या महिन्यात त्याचं पर्मनंटचं पत्र निघणार होतं, आणि ते निघालं की बायकोला आणि मुलीला गावाहून आणायचं ठरलेलं. स्वतंत्र खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तो भट्टीत जॉब ठेवत होता. स्क्रीन त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर, खांबावर उंच लावलेली. वाकल्या वाकल्या त्याला डोळ्याच्या कडेनं लाल दिसलं. त्यानं बटण दाबलं.

भट्टी अशी मधेच थांबली की आतला माल आतच भाजून निघतो, तो सगळा भंगारात जातो. पलीकडे गाडीकंपनीचा ट्रक माल न्यायला गेटवर उभा होता, तो रिकामा परत गेला. सुपरवायझर धावत आला तोवर प्रोग्रॅम परत उघडला होता आणि स्क्रीन हिरवीगार. हूटर वाजलाच नव्हता. दत्ता म्हणत होता लाल दिसलं, आणि त्याच्याशिवाय ते कुणालाही दिसलं नव्हतं. कुणी म्हणालं डुलकी लागली असेल, कुणी म्हणालं मोबाइल बघत असेल आणि घाबरून हात पडला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं गेट बंद केलं आणि चौकशी लावली.

प्रॉडक्शन मॅनेजर सबनीस यांनी आमच्या कंपनीला लेखी विचारलं: त्या दुपारी तुमच्या सिस्टिमनं लाल इशारा दिला होता का? आमच्या इंजिनिअरनं कॉम्प्युटरमधली नोंद तपासली. नव्हता. पत्र लिहायला माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "सदर वेळी आमच्या प्रणालीने कोणताही लाल इशारा दिलेला नाही." वाक्य नेटकं होतं, सही केली, पाठवून दिलं. एका माणसाची नोकरी त्या ओळीवर लटकली आहे, हे मला ठाऊकही नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी जेवणानंतर मी डबा धुवायला निघालो होतो. कोपऱ्यात चाचणीचा जुना कॉम्प्युटर असायचा. त्यावरचा तो हिरवा-लाल प्रोग्रॅम इंजिनिअरनं बंद करून परत चालू केला. मी बेसिनपाशी पोचलो होतो, आणि डोळ्याच्या कडेला लाल चमकलं. बारा वर्षं पॅनेलं छापलेला माणूस तिथेच थांबला. डबा तसाच ठेवून परत आलो. कारखान्यात स्क्रीन उंचावर असते, म्हणून जमिनीवर बसलो आणि मान वाकडी करून खालून बघितलं. स्वस्तातली स्क्रीन खालून बघितली की रंग गडद होतो. माझा केशरी पळस तिथून चक्क लाल होता, कडेपासून कडेपर्यंत.

"विलासराव, चक्कर आली का?" इंजिनिअरनं विचारलं. मी म्हणालो, "आली."

कारखान्यात फोन करून विचारलं तेव्हा दत्ताचं आणि त्याच्या चौकशीचं कळलं, तसाच मॅडमकडे गेलो. त्या कारखान्याचे आणखी तीन प्लांट आमची सिस्टिम घेणार होते, कागदपत्रं शेवटच्या टप्प्यात होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आपण खोटं काही लिहिलेलं नाही. इशारा दिलाच नव्हता."

"इशारा नव्हता दिला मॅडम. पण लाल दाखवलं."

"इथे आता अठरा माणसं आहेत, विलासराव. त्यांचंही मला बघायचंय ना?"

त्यांचंही खरं होतं. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला वाटलं की त्यांनी नको म्हणावं, म्हणजे मी सुटलो. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "जा. पण फोटो तुमचा आहे आणि निवडलाही तुम्हीच, हे तुमच्या तोंडानं सांगा. कंपनीच्या मागं लपू नका."

दुसऱ्या दिवशी चाकणला गेलो. गेटबाहेर झाडाखाली एक तरुण उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. चौकशीला बोलावलेला. मला बघून पुढे आला. "साहेब, तुमी चौकशीवाले का?"

"नाही. मी कॉम्प्युटरच्या कंपनीतला. तू दत्ता का?"

"व्हय." मग आपणहून सांगू लागला, रोज सांगून सांगून पाठ झाल्यासारखं. "म्या झोपलो नव्हतो साहेब. लाल दिसलं म्हणून दाबलं. हूटर नव्हता वाजला, पर हूटरचं काय सांगावं, तो आठवड्यातून दोनदा बंदच ऱ्हातोय. त्याची वाट बगत बसलं अन् खरंच काई झालं तर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता चार दिस समदे म्हणायलेत लाल नव्हतंच. मलाबी वाटायलंय, दिसलं होतं का नव्हतं. घरी अजून सांगितलं न्हाई."

मी त्याला म्हणायला हवं होतं की बाबा रे, दिसलं होतं, चूक माझी आहे. तिथेच, झाडाखाली. मी म्हणालो, "चल आत."

आत सबनीस साहेबांना मी विनंती केली की भट्टीपाशी उभं राहा, दत्ता वाकतो तसं वाका, आणि दोन जॉब ठेवा. भला माणूस, शर्टाच्या बाह्या सारून वाकला. मी कॉम्प्युटरपाशी जाऊन प्रोग्रॅम बंद केला. सबनीसांचा हात झटकन बटणाकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"पळस आहे साहेब. आमच्या बांधावरचा. फोटो मी काढला आणि निवडलाही मीच."

"कारखान्यात लावायला?"

दत्ता स्क्रीनकडे एकटक बघत होता. "हेच," तो म्हणाला. "हेच दिसलं होतं बगा." आणि खाली बसला. रडला नाही, नुसता बसला, गुडघ्यांवर हात टाकून. मी त्याची माफी मागितली. ती त्याला ऐकू गेली की नाही कोण जाणे, भट्ट्यांचा आवाज फार होता.

त्याच दिवशी त्याला कामावर घेतलं. पर्मनंटचं पत्र महिनाभर उशिरा निघालं, पण निघालं. बाकीचे तीन प्लांटही आमच्याकडेच राहिले. पळस काढून मी तिथे सपाट राखाडी रंग लावला, ज्यात चित्र म्हणून काही नाही. ऑफिसात सगळे म्हणाले विलासरावांनी कंपनीची लाज राखली. मी तेही ऐकून घेतलं.

सबनीस व्यवहारी माणूस. झाल्या प्रकारातून काहीतरी सुधारणा झालेली वरच्यांना दाखवायला हवी होती. त्यांनी नवीन नियम काढला आणि त्याची पाटी करून द्यायला मलाच सांगितलं. मी इतका सुटलो होतो की त्यांनी कारखान्याचं गेट रंगवायला सांगितलं असतं तरी रंगवलं असतं. चांगली ठसठशीत, पिवळ्यावर काळी अक्षरं, लांबून वाचता येतील अशी मापं घेऊन पाटी केली: 'स्क्रीन लाल दिसल्यास आधी मजकूर वाचा, मग मशीन थांबवा.' अक्षरांतली अंतरं तीनदा जुळवली. वाक्याचा अर्थ एकदाही मनात घोळवला नाही.

त्या पाटीबद्दल पुढे मी सबनीसांना दोन पत्रं लिहिली. दोन्हींना उत्तर आलं नाही, मग निवृत्त झालो. पत्रं का लिहिली, एवढं सांगायचं राहिलं.

निवृत्तीच्या आधी काही महिने नवा राखाडी रंग खालून कसा दिसतो ते बघायला मी त्या लाइनवर गेलो होतो. चुकीनंतर लागलेलं शहाणपण. दत्तानं ओळखलं, हसला. बायको आणि मुलगी आली होती, मुलीला कुरुळीच्या शाळेत घातलं होतं. सुट्टीत घरी चहाला या म्हणाला. त्यानं माझ्यावर राग धरला नव्हता, त्यामुळे मला फार बरं वाटलं. मी खांबापाशी उभा राहून स्क्रीन बघत होतो.

तेवढ्यात स्क्रीन लाल झाली. या वेळी खरीच. दत्ता आता माल बाहेर येतो त्या तोंडापाशी काम करायचा, आणि तिथेच एक जॉब आडवा होऊन अडकला होता. हूटर नेहमीसारखा मुका. मागचा दांडा ढकलत होता. दत्तानं मान वर केली, हात बटणाच्या वर नेला, आणि हात तिथेच राहिला. तो वाचत होता. ओठ हलताना मला दिसले. तापलेला एक जॉब तोंडातून सुटून त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला. तो वाचतच होता. ओळ संपल्यावर त्यानं बटण दाबलं.

त्याला काही झालं नाही. तो फडक्याला हात पुसत माझ्याकडे आला, शाळेत पाठ म्हणून दाखवलेल्या पोरासारखा चेहरा. "पुरं वाचलं, मगच दाबलं. बरोबर ना, साहेब?"

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "आधी दाबायचं. त्या दिवशी तू केलंस तेच बरोबर होतं."

तो गोंधळला. माझ्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघू लागला. "पर साहेब," तो म्हणाला, "पाटी तर तुमीच केली म्हणं."

मी वळून बघितलं. अक्षर खरंच सुरेख आलं होतं.